रक्तातले अ‍ॅनएरोब ओळखताना या चुका टाळा, नाहीतर जंतू असून 'नो ग्रोथ' जाईल

लॅबला नवीन आलेल्या पोरांची एकच घाई, सकाळी प्लेट (जंतू वाढवायची थाळी) लावली की दुसऱ्या दिवशी जंतूचं नाव पाहिजे. ई कोलायला चालतं ते. अ‍ॅनएरोब म्हणजे ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू, ते तुमच्या ड्युटीचा टाइम बघून वाढत नाहीत, आणि त्यातले दुर्मिळ तर अजिबातच नाही.

आधी ब्लड कल्चरच्या बाटलीचं बोलू, म्हणजे रक्तातले जंतू वाढवायच्या. ती दोन प्रकारची, एरोबिक ऑक्सिजनवाल्या जंतूंसाठी आणि अ‍ॅनएरोबिक ऑक्सिजनशिवायवाल्यांसाठी. मोठ्या माणसाचं एका बाटलीत ८ ते १० मिली रक्त लागतं, ३ मिली टाकून वर "काही आलं नाही सर" म्हणायचं नाही. सिरिंजनं काढलं असेल तर अ‍ॅनएरोबिक बाटली आधी भरा, बटरफ्लायनं (नळी जोडलेली सुई) काढलं तर नंतर, कारण नळीतली हवा पहिल्या बाटलीत जाते. रक्त कमीच निघालं तर मात्र एरोबिकला आधी. आणि तालुक्यावरून सॅम्पल पाठवताना बर्फात घालू नका हो, बाटली फ्रिजमधे ठेवायची वस्तू नाही. उन्हात तापलेल्या गाडीतही नाही.

कँडल जार (आत मेणबत्ती पेटवून झाकायची बरणी) म्हणजे ऑक्सिजन काढून टाकणारा अ‍ॅनएरोबिक जार नव्हे. मेणबत्ती विझली म्हणजे ऑक्सिजन संपला असं नसतं, तो भरपूर उरलेला असतो, फक्त कार्बन डायऑक्साइड वाढतो. हे किती वेळा सांगायचं.

आता माझा खरा राग, ग्रॅम स्टेन, म्हणजे जंतू रंगवून ते जांभळे (पॉझिटिव्ह) की गुलाबी (निगेटिव्ह) बघायची टेस्ट. स्लाइडवर गुलाबी दांडे (दांड्याच्या आकाराचे जंतू) दिसले की पोरगं लगेच वॉर्डला फोन लावतं, "ग्रॅम निगेटिव्ह आहे". अरे बाबा, क्लॉस्ट्रिडियम या जंतूंच्या गटामधे बरेच असे आहेत की ते असतात ग्रॅम पॉझिटिव्ह पण दिसतात गुलाबी, रॅमोसम आणि क्लॉस्ट्रिडिओफॉर्मी तर त्यासाठीच बदनाम आहेत, आणि परफ्रिंजेन्स, सेप्टिकम पण कल्चर जुनं झालं की रंग सोडतात.

एका लॅबमधे हेच झालं. वयस्कर शेतकरी, ताप, पोट फुगलेलं, फक्त अ‍ॅनएरोबिक बाटली पॉझिटिव्ह वाजली (मशीननं जंतू वाढल्याचा इशारा दिला). ड्युटीवरच्या पोरानं गुलाबी दांडे बघून फोन केला, वॉर्डनं अ‍ॅमिकासिन हे अँटिबायोटिक चालू केलं. अ‍ॅमिकासिन पेशीत शिरायलाच ऑक्सिजनवर चालणारी यंत्रणा लागते, मग अ‍ॅनएरोबवर ते काय डोंबल काम करणार. दुसऱ्या दिवशी हवेत ठेवलेल्या दोन्ही प्लेटी, मॅककॉन्की आणि साधी ब्लड अगार, कोऱ्या, आणि रिपोर्टवर "कंटॅमिनंट" (बाहेरून चुकून शिरलेला जंतू) लिहायची तयारी. ४८ तासांनी जारमधली प्लेट काढून बघितली तर म्हणे त्याच्यातही कॉलनी (जंतूंचा ठिपका) नाही. मी ती प्लेट लाइटखाली तिरकी धरली तेव्हा अख्ख्या अगारवर पातळ पडदा पसरलेला दिसला, भाकरीच्या पिठाचा हात फिरवल्यासारखा. कॉलनी शोधत बसलं तर सापडणार कशी, पूर्ण प्लेटच कॉलनी झालेली. व्हॅन्कोमायसिन ५ मायक्रोग्रॅमच्या डिस्कभोवती (औषधाची चकती) झोन, म्हणजे जंतू न वाढलेली जागा, चांगला मोठा, आणि हे औषध ग्रॅम पॉझिटिव्हवर चालतं, म्हणजे गुलाबी दिसला तरी हा पॉझिटिव्हच. स्पोअर (जंतूचा बीजाणू) टोकापासून जरा आत. क्लॉस्ट्रिडियम सेप्टिकम निघाला. हा रक्तात सापडला की आतड्याचा कॅन्सर शोधायचाच असतो, वॉर्डला तेच सांगितलं, औषध बदललं, आणि कोलोनोस्कोपीत उजव्या बाजूला गाठ निघाली. "कंटॅमिनंट" लिहून गेलं असतं तर कोण शोधायला जाणार होतं?

म्हणून माझी सवय अशी की बाटली फक्त अ‍ॅनएरोबिक वाजली असेल तर स्लाइडवरचा रंग मी निम्मा खरा धरतो. फोनवर "दांडे दिसायलेत, अ‍ॅनएरोब असू शकतो" एवढंच सांगायचं. मग तीन डिस्क लावायच्या, व्हॅन्कोमायसिन ५, कॅनामायसिन १०००, कोलिस्टिन १०. तिन्हीला दाद देत नसेल तर बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिसचा गट समजा, पहिल्याला रेझिस्टंट आणि बाकी दोन्हीला सेन्सिटिव्ह तर फ्युसोबॅक्टेरियम असायचा चान्स. तरुण पोरगा, आधी घसा दुखला, मग मान सुजली, मग छातीत डाग, आणि रक्तात हा निघाला, तर लेमिएर सिंड्रोम (घशातून मानेच्या शिरेत आणि रक्तात पसरणारा संसर्ग) डोक्यात आलाच पाहिजे.

जार ४८ तासाच्या आत उघडू नका. घाई असेल त्यानं दुसरा जार लावावा, पण पहिला उघडून "बघू तरी" करू नये, कारण कोवळ्या कॉलनीला हवा लागली की ती तिथंच थांबते. इंडिकेटरची (ऑक्सिजन उरला का दाखवणारी) पट्टी पांढरी झाली का ते बघा, निळी असेल तर आतली 'नो ग्रोथ' काही कामाची नाही. जुना कॅटॅलिस्टवाला जार असेल तर त्याच्या ऑक्सिजन संपवणाऱ्या गोळ्या ओल्या होतात, त्या ओव्हनमधे तापवून घ्या.

मे महिन्यात इनक्युबेटरचं थर्मामीटर रोज बघा. साधा इनक्युबेटर गरम करतो, थंड करत नाही, आणि खोलीच ४१ वर गेली तर आत ३७ कुठून राहणार.

क्युटिबॅक्टेरियम एका बाटलीत आलं तर बहुतेक कातडीवरचं, पण पेशंटला कृत्रिम झडप किंवा शंट (मेंदूतलं पाणी काढायची नळी) असेल तर एवढ्यावर सोडू नका.

माल्डी (जंतूच्या प्रथिनांवरून ओळखणारं) मशीननं नाव दिलं म्हणून लगेच छापू नका, स्कोअर २ च्या खाली असेल तर स्पीशीज लिहायची नाही, दुर्मिळ जंतू डेटाबेसमधे नसले तर मशीन शेजारच्याचं नाव सांगून मोकळं होतं. तिथं १६एस सिक्वेन्सिंगला (जनुक वाचून ओळखायची टेस्ट) पाठवायचं, आणि ते प्लेटवर नाही, रॉबर्टसनच्या कुक्ड मीटमधे (शिजवलेल्या मांसाचं कल्चर माध्यम), झाकण घट्ट लावून. प्लेटवर पाठवलं तर बसनं संभाजीनगरला पोचेपर्यंत मेलेलं असतं.