लोकांच्या शाबासकीची सवय कशी मोडायची

देवासाठी करायचं, माणसांसाठी नाही, हे मंडळीत म्हणजे चर्चमध्ये सेवा करणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं, माणसांना खूश करत बसलो तर ख्रिस्ताचा दास नसतो असं सांगणारं बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रातलं वचन (गलती 1:10) तर बऱ्याच जणांचं तोंडपाठ असतं, तरी जमत नाही. म्हणून उपदेश बाजूला ठेवून काय करून बघायचं तेवढंच लिहितोय.

पहिलं काम म्हणजे आपलं दुखतं कुठे ते शोधायचं. आपल्याला स्तुती आवडते का असं स्वतःला विचारून काही हाती लागत नाही, ती कुणाला आवडत नाही? त्यापेक्षा स्तुती आली नाही की काय होतं ते बघा. गाणं छान झालं पण नंतर कोणी चकार शब्द काढला नाही, आभार मानताना नेमकं तुमचंच नाव राहिलं, साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आयुष्यात काय केलं ते सांगायला, तुम्हाला सोडून दुसऱ्याला उभं केलं, आणि मग घरी जाईपर्यंत डोक्यात तेच चालू. हे जिथे होतं ती जागा नोंदवून ठेवा. बायबलमधल्या शौल राजाचं बघा ना, 1 शमुवेल 15 मध्ये शमुवेल संदेष्टा त्याला तोंडावर सांगतो की देवाने तुझं राजपद नाकारलंय, तोही मान्य करतो की मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं, आणि त्यानंतर मागणं काय, तर निदान वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राख! राज्य जायला लागलंय आणि याला चारचौघांतल्या इज्जतीचं पडलंय.

आणि हो, स्तुतीची भूक म्हणजे फक्त मिरवणं असं नसतं. योहान 12:42-43 मध्ये काही यहूदी अधिकाऱ्यांचा येशूवर विश्वास बसलेला असतो पण सभास्थानातून (यहूद्यांच्या प्रार्थनास्थळातून) काढतील या भीतीने ते गप्प राहतात, आणि योहान कारण देतो की त्यांना देवापेक्षा माणसांकडून मिळणारा मान जास्त प्रिय होता. म्हणजे कुणी वाईट म्हणू नये म्हणून प्रत्येक कामाला हो म्हणणारे, चूक दिसत असूनही मीटिंगमध्ये मान डोलावणारे, तेही याच लाइनीत. असे शांत लोक स्वतःला नम्र समजतात त्यामुळे त्यांना हे लवकर कळत नाही.

आता मुख्य गोष्ट. नुसतं "मला स्तुती नको" असं मनाला बजावत राहिलात तर चार दिवस टिकेल, कारण भूक दाबून जात नाही. मत्तय 3:17 सावकाश वाचा. येशूने अजून एकही प्रवचन दिलेलं नाही, एकही चमत्कार मत्तयने सांगितलेला नाही, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी पिता म्हणजे देव म्हणतो, हा माझा प्रिय पुत्र, मी याच्यावर संतुष्ट आहे. कामाच्या आधी पसंती. लगेच पुढच्या अध्यायात सैतान नेमका तिथेच टोचतो, तू देवाचा पुत्र असलास तर मंदिराच्या टोकावरून उडी टाक, म्हणजे सिद्ध करून दाखव. येशू दाखवत नाही, त्याला गरजच नसते. आपण ख्रिस्तात असलो तर पित्याने आपल्यालाही त्या प्रिय पुत्रामध्येच स्वीकारलंय असं इफिस 1 सांगतं, म्हणून सेवेला जायच्या आधी दोन मिनिटं हेच प्रार्थनेत म्हणा, की पित्या, तू मला आधीच आपलं म्हटलंयस, आज काही कमवायला जात नाहीये. हे सोडून पुढचं सगळं केलंत तर देवालाच एक नवीन परीक्षक बनवाल आणि मार्कांची धडपड तशीच राहील, फक्त जास्त दमवणारी.

मग लपून करायची प्रॅक्टिस. मत्तय 6 मध्ये दान, प्रार्थना आणि उपवास तिन्ही आहेत, एका वेळी एकच घ्या. करणं सोपं असतं, नंतर न सांगणं अवघड, "सांगणार नव्हतो पण तुमच्या उत्तेजनासाठी सांगतो" हे वाक्य जिभेवर आलं की समजून जा. उघडलेल्या बायबलचा फोटो स्टेटसला टाकायचा हात शिवशिवला तर आधी अध्याय वाचून संपवा, बहुतेक वेळा मग टाकावासा वाटत नाही. एक मात्र आहे, घरच्या सामायिक पैशातून देत असाल तर नवऱ्याला किंवा बायकोला सांगा, तिथे गुप्तता म्हणजे लपवाछपवी होते. आणि मत्तय 5:16 मध्ये तर तुमची कामं लोकांनी पाहावीत असं म्हटलंय, मग? तिथे लोक पाहून पित्याचं गौरव करतात. सगळंच लपवता येत नाही, पण बोलणं शेवटी कुणावर येऊन थांबतं एवढं बघता येतं.

कोणी कौतुक केलंच तर "थँक्यू, बरं वाटलं" म्हणा आणि विषय सोडा. "छे छे, मी कोण" असं केलं की समोरचा बिचारा परत एकदा कौतुक करतो, आणि आपल्याला तेच हवं असतं. उलट दुसऱ्यांचं कौतुक करायला लागा. रोम 16 मध्ये प्रेषित पौल किती जणांच्या श्रमांची नावं घेऊन आठवण काढतो. खुर्च्या लावणारे, साउंड बघणारे, आजाऱ्यांना भेटणारे, यांना बाजूला घेऊन सांगा.

टीका आली तर जरा सांभाळून. 1 करिंथ 4 मध्ये पौल म्हणतो की तुम्ही माझा न्याय केलात तरी मला त्याचं फार काही वाटत नाही, न्याय करणारा प्रभू आहे. हे वचन हाताशी धरून काही जण कुणाचंच ऐकत नाहीत, "मी फक्त देवाला उत्तर देईन" म्हणतात, ते मला पटत नाही. अंत्युखिया शहरात येशूचा शिष्य पेत्र काही लोकांना घाबरून परराष्ट्रीयांबरोबर (यहूदी नसलेल्यांबरोबर) जेवायचा थांबला तेव्हा त्याला सगळ्यांसमोर अडवणारा माणूसच होता, पौल, आणि हे त्याच गलतीकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात आहे. त्यामुळे टीका ऐकल्यावर लगेच मेसेज टाइप करू नका, एक रात्र जाऊ द्या, तुमची भीड न ठेवणाऱ्या एखाद्या विश्वासू माणसाला विचारा की यात खरं किती, जे खरं निघेल ते बदला आणि उरलेल्याचा खुलासा ग्रुपवर देत बसू नका.