गव्हावरच्या माव्याचं भाकीत करायचंय? आधी वावरात या

कीटकशास्त्र शिकून मॉडेलिंगकडे, म्हणजे संगणकावर गणित मांडून किडीचं भाकीत करण्याकडे, वळू पाहणारी मुलं पहिल्यांदा हेच विचारतात, ‘पायथन शिकू की आर?’ या दोन्ही संगणकाच्या भाषा; कुठलीही शिका. पण त्याआधी जानेवारीत अकोला-वाशिमकडच्या ओलिताच्या गव्हात उतरून मावा, म्हणजे पिकाचा रस शोषणारी ती बारीक कीड, मोजायला शिका. पुढचं सगळं त्या आकड्यांवर उभं राहतं.

धुऱ्यालगतच्या ओळी सोडून आत शिरायचं. पंखवाला मावा बाहेरून उडत येऊन बहुतेकदा कडेलाच आधी उतरतो, म्हणून कडेचा आकडा फुगतो. झाड ठरलेल्या अंतरावरचंच घ्यायचं, नाहीतर माव्यानं चिकट झालेल्या झाडाकडेच नजर ओढली जाते. पान उलटून, ओंबी वाकवून भिंगातून बघा. हिरव्या माव्यांत एखादा फुगलेला, तपकिरी, कागदासारखा कडक दिसेल. तो मेलेला आहे, आत परोपजीवी गांधीलमाशीची अळी वाढतेय. त्याची नोंद वेगळ्या रकान्यात. ढालकिडे, त्यांच्या अळ्या, सिरफिड माशीच्या अळ्या, या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांचेही रकाने पाडा. काहीच सापडलं नाही तर शून्य लिहा, जागा कोरी ठेवू नका.

एवढी कटकट कशाला? माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते, आणि सरासरी २० अंशाला पिल्लू आठवडा-दीड आठवड्यात प्रौढ होतं. संख्या दर ३ दिवसांनी दुप्पट होते असं धरलं, तरी १० चे १५ दिवसांत ३२० होतात. हा चढ मांडणं सोपं आहे. आकड्यांचा लॉग (लॉगॅरिदम) घेतला की जवळपास सरळ रेष मिळते. खरा कस उताराला लागतो. मित्रकीटक वाढतात, गहू पिकायला लागतो, ऊन तापतं आणि मावा कोसळतो. तो आठवडा आधी सांगता आला, तर कास्तकाराची एखादी फवारणी वाचते. मला या कामात सगळ्यात मोलाचं तेच वाटतं.

तापमान अंश-दिवसांत मोजतात. कमाल २९, किमान ११, सरासरी २०. वाढीचा उंबरठा, म्हणजे ज्याखाली माव्याची वाढ थांबते ते तापमान, ५ अंश धरून वजा केला की त्या दिवसाचे १५ अंश-दिवस. कमाल २३, किमान १७ असलेल्या ढगाळ दिवसाचेही १५च! आणि आमच्याकडचे जुने कास्तकार सांगतात, “आभाय आलं का मावा वाढलाच समजा, भाऊ.” ही गोष्ट कानाआड करू नका. कमाल, किमान आणि ढगाळपणा मॉडेलमध्ये वेगवेगळे घालून ती तपासा.

एका अख्ख्या हंगामाच्या नोंदी मॉडेलला दाखवूच नका, त्याची परीक्षा घ्यायला राखून ठेवा. त्या हंगामातला उताराचा आठवडा त्याला ओळखता येत नाही, तोवर गावात कुणाला फवारणी थांबवायला सांगू नका.