अकरावीचे डाउट घेताना: ज्या बलांना फॉर्म्युलाच नसतो

अकरावीचे प्रवेश उरकले की नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या क्लासेसना डाउट सोडवणारी माणसं लागतात. सिडको-पंचवटीत घरगुती शिकवण्याही सुरू होतात. तुम्ही एमएस्सी करत असाल किंवा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असाल, तर फिजिक्स तुम्हाला येतं असं मी धरून चालते. वेक्टरचे घटक कसे काढायचे, एफबीडी (वस्तूवरची सगळी बलं दाखवणारी आकृती) म्हणजे काय, हे इथे सांगत बसत नाही. पण स्वतःला गणित सुटणं वेगळं आणि समोरच्या पोराचं कुठे अडलंय ते दिसणं वेगळं. पहिल्या महिन्यात हे दुसरं जमणार नाही. जमत नाही म्हणून सोडून मात्र देऊ नका, कुणालाच लगेच जमत नाही.

सगळ्यात जास्त माणसं अडकतात ती ‘गतीचे नियम’ या प्रकरणात. पोरगी वही घेऊन येते आणि विचारते, “ताई, नॉर्मलचा फॉर्म्युला काय?” नॉर्मल म्हणजे पृष्ठभाग वस्तूला लंब दिशेने ढकलतो ते बल. आपण घाईत म्हणतो, “एमजी,” म्हणजे वस्तुमान गुणिले जी, वस्तूचं वजन. तिने विचारलेलं गणित सुटतं, ती खूश, आपणही खूश. आणि पुढचं अख्खं वर्ष तिने चुकीच्या रस्त्याने जायची सोय आपण करून ठेवलेली असते.

मी मराठी माध्यमातून थेट अकरावी सायन्सला आले. इंग्रजी प्रश्न वाचतानाच दमछाक व्हायची, म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती: नॉर्मल म्हणजे एमजी, टेन्शन म्हणजे एमजी, फ्रिक्शन म्हणजे म्यू गुणिले एन (घर्षणाचा गुणांक गुणिले नॉर्मल). पूर्ण प्रकरण त्या तीन ओळींवर रेटलं. तशी यादी आजही कुणाच्या वहीत दिसली की माझ्या पोटात गोळा येतो.

तर नीट सांगते, कंटाळा आला तरी वाचा. वजनाला फॉर्म्युला आहे. स्प्रिंगच्या बलाला आहे. सरकत असलेल्या वस्तूवरच्या घर्षणाला आहे. पण पृष्ठभागाचं नॉर्मल बल, दोरीतलं टेन्शन आणि न सरकलेल्या वस्तूवरचं घर्षण या तिघांना स्वतःचा फॉर्म्युला नाही. परिस्थितीला लागेल तेवढीच ती असतात. आधी बाकीची बलं लिहायची, त्वरण काय असणार ते ठरवायचं, मग ही तिघं न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून आपोआप बाहेर पडतात. म्हणजे ती उत्तरात मिळतात, सुरुवातीला भरायची नसतात.

हे पोरांना भाषणाने पटत नाही. त्यांच्याच पद्धतीने शेवटपर्यंत जाऊ द्या. १० किलोची पेटी, स्थितिक घर्षणाचा गुणांक ०.४, आडवा धक्का २५ न्यूटनचा, जी (गुरुत्वाचं त्वरण) घ्या १०. पोरगं लिहितं: घर्षण ४० न्यूटन. मग निव्वळ बल उणे १५, त्वरण उणे १.५. आता शांतपणे विचारा, “म्हणजे मी पेटी पुढे ढकलली आणि ती माझ्याच अंगावर आली?” पोरगं हसतं, आणि तिथून पुढे ऐकायला लागतं. ४० ही कमाल मर्यादा आहे. पेटी हललेली नाही, तर घर्षण २५च. ‘आता सरकणारच’ अशा टोकाला पेटी आली असेल तेव्हाच ते ४० होतं.

टेन्शनचंही तेच. गुळगुळीत टेबलावर ३ किलोचा ठोकळा, कप्पीवरून दोरी, खाली २ किलो लटकलेले. टेन्शन २० न्यूटन धरलं, तर लटकलेल्या ठोकळ्यावर वर २०, खाली २०. मग तो खाली निघाला कशाने? दोन्ही ठोकळ्यांची समीकरणं मांडली की त्वरण ४ आणि टेन्शन १२ येतं. हे १२ पोरांना स्वतः काढू द्या. पेन तुमच्या हातात जाता कामा नये. हे मी रागाने सांगतेय असं वाटलं तर वाटू द्या.

उतारावर वजनाचा उताराच्या दिशेचा भाग काढताना साइन की कॉस, हा प्रश्न रोज येतो. पाठ करून घेऊ नका. नाशिकच्या पोरांनी कसारा घाट पाहिलेला असतो. इगतपुरीकडे चढणाऱ्या गाडीला कसाऱ्याला मागून बँकर इंजिनं लावतात हेही बहुतेकांना माहीत असतं. चढ ३७ला १. म्हणजे कोन जेमतेम दीड अंश. १००० टनांची गाडी धरा, वजन १ कोटी न्यूटन. साइन घेतला तर मागे ओढणारं बल येतं साधारण पावणेतीन लाख न्यूटन, आणि कॉस घेतला तर जवळपास पूर्ण १ कोटी, म्हणजे इंजिनाने गाडी सरळ उचलूनच न्यायची! कोन अगदी लहान केला की काय व्हायला हवं, ही तपासणी एकदा हाताला बसली की साइन-कॉसचा गोंधळ परत होत नाही.

शॉर्टकटबद्दल माझं मत कडवट आहे. सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्रीचे १०० प्रश्न ९० मिनिटांत असतात, निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे ट्रिकांचा बाजार भरणारच. कप्पीच्या दोन्ही बाजूंना लटकलेल्या वस्तूंचं ‘वजाबाकी भागिले बेरीज’ सूत्र पाठ असलेली पोरं, एक वस्तू टेबलावर ठेवली की तेच सूत्र डोळे झाकून लावतात. बारावीत ट्रिका द्या, अकरावीत नको. फोटो काढला की उत्तर देणाऱ्या अ‍ॅपचंही तसंच. वापरू नका म्हटलं तर चोरून वापरतील, त्यापेक्षा त्याचं उत्तर घेऊन या आणि तिसरी ओळ कुठून आली ते मला समजावून सांगा, असं म्हणा.

आणि बोर्डावर धडाधड गणितं सोडवणाऱ्या मोठ्या सरांची नक्कल करू नका. ते बघायला छान असतं, पण पोरांना त्यातून वाटतं की हुशार माणसाला थांबावंच लागत नाही. तुम्ही थांबा. खाडाखोड करा. नाहीच आलं तर “उद्या बघून सांगते” म्हणा, आणि दुसऱ्या दिवशी त्यानेच सुरुवात करा. याने तुमची किंमत कमी होत नाही. माझ्याकडची पोरं तर असा डाउट आणायला मुद्दाम धडपडतात.

पैशांचं आधीच बोलून घ्या. तासावर ठरवा, डाउटच्या संख्येवर कधीच नको. एका क्लासने मला डाउटमागे पैसे देऊ केले होते, ते घेतले असते, तर संध्याकाळभर मी नुसती उत्तरं सांगत सुटले असते.