घर गरीब का राहिलं, हे तपासायचं कसं

‘आळशी आहेत म्हणून गरीब’ आणि ‘परिस्थितीच तशी, ते तरी काय करणार’ ही दोन्ही उत्तरं बहुतेकांकडे तपासाआधीच तयार असतात. पाहणीसाठी किंवा मदत ठरवण्यासाठी एखाद्या घराची खरी कारणं शोधायची असतील, तर माणसांच्या स्वभावाकडे शेवटी वळा. आधी हिशोब मांडा.

घरातल्या सगळ्यांची वर्षभराची कमाई एकत्र लिहा. एका महिन्याची चालत नाही, कारण कामाचे महिने आणि रिकामे महिने यांत फार अंतर असतं. समोर किमान गरजा लिहा: अन्न, निवारा, कपडे, इंधन, औषधं, कामावर जाण्या-येण्याचा खर्च. एक पैसाही वाया गेला नाही असं धरायचं. तरीही कमाई कमी पडत असेल, तर काटकसरीचा उपदेश तिथेच थांबवा. कमाई पुरेशी असूनही ओढाताण असेल, तरच पैसा कुठे जातो ते शोधायचं.

गरिबीचा अभ्यास करणारे ब्रिटिश समाजसंशोधक सीबोम राउंट्री यांनी 1899 मध्ये इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात घरोघरी पाहणी करून हीच विभागणी केली होती. शहरातले 27.84 टक्के लोक गरिबीत निघाले. 9.91 टक्के लोकांच्या घरात कमाईच अपुरी होती आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिकांच्या बाबतीत कारण होतं तुटपुंजी मजुरी. म्हणजे काम चालू असूनही भागत नव्हतं. उरलेल्या 17.93 टक्क्यांचं जेमतेम भागलं असतं, पण काही पैसा दुसरीकडे जात होता. तिथे राउंट्री यांनी दारू, जुगार, ढिसाळ घरखर्च यांची नावं घेतली, आणि अशा उधळपट्टीमागे अनेकदा अनियमित कमाई असते हेही नोंदवलं. परिस्थितीची बाजू मांडणारे हा दुसरा, मोठा आकडा सोयीस्कर गाळतात. तो गाळू नये.

हिशोबानंतर मागच्या दहा वर्षांचा पट मांडा. एका ओळीत एक घटना: कधी झाली, किती पैसे गेले, ते कुठून आणले. तारखा आठवत नसतील तर मुलाचा जन्म, लग्न, घर बदलणं अशा खुणांशी जोडून विचारा. ‘तुम्ही गरीब का झालात?’ असं मात्र विचारू नका. उत्तरात नशीब येतं, नाहीतर ऐकणाऱ्याला जे आवडेल ते. ‘त्याच्या आधी काय झालं होतं?’ एवढंच विचारत मागे जात राहा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो क्रमात. दारूमुळे काम गेलं की काम गेल्यावर दारू वाढली? दोन्ही घडतं, आणि शेजारपाजाऱ्यांना दारू तेवढी दिसते. म्हणून ऐकीव क्रम लिहू नका, दोन्हींचा काळ वेगवेगळा विचारून पडताळा. दुसरा घोळ म्हणजे घर खाली कशामुळे आलं आणि अडकून कशामुळे राहिलं, हे एकाच रकान्यात भरणं. आजारपण सहा महिन्यांत संपतं. त्यासाठी महिना 5 टक्क्यांनी काढलेलं कर्ज व्याजावर व्याज चढत गेलं, तर वर्षात 100 चे जवळपास 180 होतात. दुसऱ्या वर्षीच्या गरिबीचं कारण आजार नाही, व्याज आहे.

आता चुकांकडे या. प्रत्येक चुकीच्या निर्णयापुढे लिहा: त्या वेळी दुसरा मार्ग होता का, माहीत होता का, परवडणारा होता का? मग हीच चूक सहा महिन्यांचा खर्च गाठीशी असलेल्या घरात झाली असती तर काय झालं असतं, ते पाहा. तिथे ती सहज पचली असती, तर चूक निमित्त होती आणि नुकसानीचा आकार परिस्थितीने ठरवला. तिथेही घर बुडालं असतं, उदाहरणार्थ सगळी शिल्लक जुगारात घातली, तर ती जबाबदारी म्हणूनच लिहा. सौम्य करू नका.

शक्य असेल तर टंचाईच्या आणि हातात पैसा असलेल्या अशा दोन्ही काळांत भेट द्या. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतल्या त्याच ऊस उत्पादकांची विचारक्षमता कापणीआधी कमी आणि कापणीनंतर चांगली दिसली होती. एकाच भेटीत ‘यांना नियोजन जमत नाही’ असा शेरा मारला, तर तो माणसाचा नसून महिन्याचा असू शकतो.

अहवालात ‘60 टक्के परिस्थिती, 40 टक्के स्वतःचा दोष’ असं कधी लिहू नका. आयताचं क्षेत्रफळ किती लांबीमुळे आणि किती रुंदीमुळे, हे वाटून देता येत नाही. इथेही दोन्ही बाजू एकमेकींना गुणतात. त्याऐवजी प्रत्येक घसरणीपुढे ती टाळणारा सर्वांत लहान बदल लिहा आणि तो कोणाच्या हातात होता तेही: घरच्यांच्या, मालकाच्या, सावकाराच्या की सरकारच्या.

‘अमुक जण मेहनतीने वर आला’ हा पुरावा समोर आला, तर तेवढीच मेहनत करून वर न आलेल्यांचीही गाठ घ्या. त्यांचा पट शेजारी ठेवल्याशिवाय त्या एका उदाहरणातून काहीच सिद्ध होत नाही.