रिग्रेशन टेस्टचा क्रम कसा लावावा

लातूर किंवा जालन्याच्या मोंढ्यातील आडत दुकानांसाठी हिशोबाचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या छोट्या टीमपुढे दसऱ्याच्या सुमारास ठरलेली अडचण उभी राहते: सोयाबीनची आवक वाढलेली असते, हमालीचा दर बदललेला असतो, दुरुस्त आवृत्ती सकाळच्या सौद्याआधी द्यायची असते आणि सगळ्या रिग्रेशन टेस्ट (नव्या बदलाने आधी नीट चालणारे काही बिघडले का, हे पाहणाऱ्या चाचण्या) चालवायला रात्र पुरत नाही. अशा वेळी टेस्ट वगळण्याआधी त्यांचा क्रम बदलून पाहावा. वगळलेल्या टेस्टबरोबर तिने पकडला असता तो बगही (कोडमधील चूक) निसटू शकतो. क्रम बदलल्याने मात्र एकही टेस्ट कमी होत नाही, आणि मध्येच वीज गेली तरी महत्त्वाच्या टेस्ट होऊन गेलेल्या असतात.

सर्वप्रथम प्रत्येक टेस्ट स्वतंत्रपणे चालते का, हे तपासावे. हिशोबपट्टीची टेस्ट जर आधीच्या टेस्टने नोंदवलेल्या शेतकऱ्याच्या खात्यावर विसंबून असेल, तर क्रम बदलताच ती नापास होईल आणि नसलेला बग शोधण्यात सकाळ जाईल. म्हणून प्रत्येक टेस्टने आपली माहिती स्वतः तयार करावी व शेवटी पुसून टाकावी.

त्यानंतर ज्या टेस्ट बदललेल्या कोडमधून जातात त्या वर घ्याव्यात, आणि त्यांच्यात अलीकडे नापास झालेल्यांना पुढचे स्थान द्यावे. पायटेस्ट या पायथॉनमधील टेस्ट चालवणाऱ्या साधनात ‘फेल्ड फर्स्ट’ हा पर्याय दिला की मागच्या वेळी नापास झालेल्या टेस्ट आपोआप आधी चालतात. छोट्या टीमला एवढ्यानेच बराच फरक पडतो. क्रम ठरवण्यासाठी मशीन लर्निंगच्या मागे लागण्याची घाई करू नये, असे माझे मत आहे.

कव्हरेजवरून, म्हणजे टेस्ट कोडच्या किती ओळींतून जाते यावरून, क्रम लावताना मात्र एक फसगत होते. समजा, वजावटीची टेस्ट कोडच्या ६० ओळींतून जाते, बेरजेची ५५ ओळींतून आणि मासिक अहवालाची ३० ओळींतून. नुसता आकडा पाहिला तर बेरजेची टेस्ट दुसरी येते. पण तिच्या ५५ पैकी ५० ओळी वजावटीच्या टेस्टने आधीच तपासलेल्या असतील आणि अहवालाच्या तिसही ओळी नव्या असतील, तर अहवालाची टेस्ट दुसरी घेणे शहाणपणाचे ठरते. दर वेळी सर्वाधिक नव्या ओळी गाठणारी टेस्ट निवडत जावे, आणि नवे काही उरले नाही की उरलेल्या टेस्टसाठी मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी. रॉदरमेल, अंच, चू आणि हॅरॉल्ड यांच्या २००१ मधील शोधनिबंधात या दोन्ही पद्धतींची तुलना आहे.

लावलेला क्रम चांगला की वाईट, हे एपीएफडी या मापाने कळते; बग जितके लवकर सापडतात तितका त्याचा आकडा मोठा येतो. प्रत्येक बग कितव्या टेस्टला प्रथम सापडला त्या क्रमांकांची बेरीज करावी, बेरजेला टेस्टची संख्या गुणिले बगची संख्या याने भागावे, आलेला आकडा १ मधून वजा करावा आणि टेस्टच्या संख्येच्या दुपटीने १ ला भागून येणारी रक्कम त्यात मिळवावी. पाच टेस्ट आणि चार बग असतील व ते ३, ३, ४ आणि ५ या क्रमांकांना सापडले असतील, तर उत्तर ०.३५ येते. क्रम बदलल्यावर तेच बग १, १, २ आणि ३ या क्रमांकांना सापडले, तर ०.७५ येते. हा हिशोब बग सापडून गेल्यावरच मांडता येतो, त्यामुळे मागच्या आवृत्त्यांच्या नोंदी नीट ठेवाव्यात.

या मापाला सगळे बग सारखेच आणि सगळ्या टेस्ट सारख्याच वेळाच्या वाटतात, हा त्याचा मोठा उणेपणा आहे. पट्टीवर शेतकऱ्याची रक्कम चुकणे आणि पावतीचे शीर्षक वाकडे छापले जाणे यांना तिथे एकच वजन मिळते. एल्बॉम, मालिशेव्स्की व रॉदरमेल यांनी पुढे टेस्टचा खर्च आणि बगचे गांभीर्य धरणारे मापही मांडले. मात्र आडतीच्या सॉफ्टवेअरसाठी तेवढ्या खोलात न जाता पैशाला हात लावणाऱ्या टेस्ट वर ठेवाव्यात, आणि दोन टेस्ट तोलामोलाच्या असल्या तर कमी वेळ घेणारी आधी चालवावी.