लाल नॉब आणि 'जरासं' लीन

उडायला शिकताना पहिले कित्येक तास मी मिक्श्चरच्या, म्हणजे इंजिनात हवेबरोबर किती इंधन जाईल ते ठरवणाऱ्या, लाल नॉबला हातच लावत नव्हतो. टेकऑफला पूर्ण आत, इंजिन बंद करताना पूर्ण बाहेर, बस. लीन केलं, म्हणजे इंधनाचं प्रमाण कमी केलं, की इंजिन जळतं, असं हँगरमध्ये कुणीतरी सांगितलेलं डोक्यात पक्कं बसलं होतं.

पहिल्या लांबच्या फ्लाइटनंतर टाकीत डिपस्टिक घातली, तर इंधन हिशेबापेक्षा बरंच कमी. पीओएचमधले, म्हणजे विमानाच्या पुस्तिकेतले, क्रूझचे आकडे लीन केलेल्या मिक्श्चरचे असतात, ती ओळ मी वाचलीच नव्हती. पुढच्या रन-अपला, म्हणजे टेकऑफआधी इंजिन तपासताना, एका मॅग्नेटोवर (प्लगना ठिणगी देणाऱ्या दोन यंत्रणांपैकी एकीवर) इंजिन धडधडायला लागलं. प्लग काढला, तर इलेक्ट्रोडजवळ शिशाचे करडे खडे. एव्हगॅसमध्ये, म्हणजे विमानाच्या पेट्रोलमध्ये, सहसा शिसं असतं आणि सतत रिच, म्हणजे जास्त इंधनावर, चालवलं की ते असं साचतं.

मग लीन करायला लागलो, पण घाबरत, 'जरासं'. तिथेच खरी चूक होती. इन्स्ट्रक्टर सरांनी सीएचटीच्या, म्हणजे सिलिंडर हेडच्या तापमानाच्या, काट्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तू नेमका सगळ्यात गरम जागी थांबलायस."

नॉब मागे घेत गेलं की एक्झॉस्टचं तापमान, म्हणजे ईजीटी, चढतं, एका टोकाला पोचतं आणि उतरायला लागतं. ते टोक म्हणजे पीक. सिलिंडर हेड मात्र पीकवर सर्वांत गरम नसतं; ते असतं पीकच्या साधारण ४० अंश फॅरनहाइट आधी, रिचच्या बाजूला. पीक ओलांडलं की मिश्रण सावकाश जळतं, दाब उशिरा आणि कमी चढतो, सिलिंडर थंड होतो. म्हणून एकतर पीकपासून १०० अंश रिच राहा, नाहीतर इंजिन साथ देत असेल तर पलीकडे जा. पलीकडे वेग थोडा घटतो, इंधन चांगलंच वाचतं.

'साथ देत असेल तर' हे मुद्दाम म्हटलं. कार्ब्युरेटर सगळ्या सिलिंडरना सारखं मिश्रण पोचवत नाही. एक पीकच्या पलीकडे गेला तरी दुसरा अलीकडेच असतो, आणि इंजिन थरथरतं. तिथे जुनी रीत बरी: थरथर लागेपर्यंत हळूहळू मागे, मग गुळगुळीत चालेपर्यंत किंचित आत. इंजेक्शनवाल्या इंजिनात प्रत्येक सिलिंडरचा ईजीटी मोजणारा वेगळा प्रोब असेल, तर पीकपलीकडे जाण्यात मजा आहे. ईजीटीचा नुसता आकडा पाठ करू नका. प्रोब कुठे बसवलाय त्यावर तो बदलतो. पीकपासूनचं अंतर तेवढं बघा.

सराव ६५ टक्के पॉवरला किंवा त्याखाली करा, तिथे चूक सहसा महागात पडत नाही. ७५ च्या वर मी नॉबला हात लावत नाही. तुमच्या पीओएचमध्ये वेगळं लिहिलं असेल, तर तेच खरं.

आणि खाली येताना हवा दाट होत जाते, मिक्श्चर तसंच ठेवलं तर ते आणखी लीन होतं. मी एकदा विसरलो, आणि गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, थ्रॉटल पुढे ढकलल्यावर इंजिन अडखळलं. तेव्हापासून अप्रोचच्या आधी लाल नॉबला हात लावून बघतो, चेकलिस्ट तोंडपाठ असली तरी.