नमुन्यात प्रस्तावना नको, गोष्ट हवी

किंडलवर ई-पुस्तक घेण्याआधी वाचक फुकटचा नमुना उघडतो. त्यात साधारण पहिले 10 टक्केच दिसतात. आपल्याकडे मात्र, लेखक लातूरचा असो की परभणीचा, सुरुवातीला अर्पणपत्रिका, सरांची प्रस्तावना, मनोगत, ऋणनिर्देश अशी रांगच असते. ऊसतोडीवरची 150 पानांची कादंबरी असेल, तर नमुन्याची 15 पानं त्यातच जातात. टोळी ट्रॅक्टरमध्ये चढायच्या आत वाचक पसार!

1. अर्पणपत्रिका एका ओळीत बसवा. अनुक्रमणिका पुढेच राहू द्या, बाकी सगळं शेवटी न्या. प्रस्तावनाकार रुसलेच, तर त्यांचं नाव पुस्तकाच्या परिचयात घाला.
2. केडीपीवर (लेखकाने स्वतःच किंडलवर पुस्तक काढायची अ‍ॅमेझॉनची सेवा) त्याच पुस्तकात सुधारित फाईल चढवा. नवं पुस्तक म्हणून टाकू नका, जुने अभिप्राय मागे राहतील.
3. गोष्ट संपली की लगेच, ऋणनिर्देशाच्याही आधी, तुमच्या दुसऱ्या पुस्तकाची लिंक द्या. आवडलेलं पुस्तक मिटताना वाचकाचा हात सैल असतो.

एक जपा: पुस्तक केडीपी सिलेक्टमध्ये, म्हणजे 90 दिवस ई-पुस्तक फक्त अ‍ॅमेझॉनवरच ठेवायच्या योजनेत असेल, तर त्या 90 दिवसांत अख्खी पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका, मित्रांनी कितीही गळ घातली तरी. ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही द्यायचं नाही, अशी त्यात अटच आहे.